आजोबांच्या पेटीतली हत्यारं: काय चालू करावं, काय सोडून द्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची सुतारकामाची पेटी सापडली. आत दोन लोखंडी रंधे (एक ९ इंची, एक १४ इंची), एक लाकडी रंधा, सहा पटाश्या, तीन करवती, ४ इंची बेंच व्हाइस, एक कुऱ्हाड आणि दांडे गेलेल्या दोन हातोड्या. सगळ्यावर गंज. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे, मित्र म्हणतो ‘नवीन घे नि मोकळा हो’, आणि तुम्हाला घरापुरतं फळ्या, पाट, स्टूल असं काम करायचं आहे. तर यांच्यावर वेळ आणि पैसा घालावा का?

अख्ख्या पेटीला मिळून एकच उत्तर देता येत नाही. पेटीतली काही हत्यारं तासाभरात कामाला लागतील, काहींवर महिना घालवला तरी धड होणार नाहीत. आणि ‘दुरुस्ती’ म्हणजे काय हे आधी ठरवा. हत्यार कामाला लावणं वेगळं आणि नव्यासारखं चकचकीत करणं वेगळं. पहिल्याला लागतो त्याच्या तिप्पट वेळ दुसऱ्याला सहज जातो आणि लाकूड कापताना त्याचा काडीचा उपयोग नसतो. मी पुढे सगळं पहिल्याबद्दलच सांगतो.

त्याआधी एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे: काम कशात करणार? सगळं प्लायवूड आणि लॅमिनेटेड बोर्डात असेल तर पेटीतली अर्धी हत्यारं तुमच्या उपयोगाची नाहीत. प्लायच्या सरसात पात्याची धार झटक्यात जाते आणि प्लायला रंधा मारायची वेळ फारशी येतही नाही. पण जुन्या घराच्या चौकटी-तुळयांचं सागवान हाताशी असेल (तुमच्या भागात असतंच), तर रंधा आणि पटाशी यांच्यावर घातलेला वेळ वसूल होतो. जुन्या लाकडातले खिळे मात्र आधी काढा. ताजी धार एका खिळ्यात जाते.

पैशाचा हिशोब मी असा करतो. बेळगावात रविवार पेठेत किंवा जवळच्या हार्डवेअर दुकानात तशाच प्रकारच्या नव्या हत्याराचा भाव विचारायचा. लेथ, लोहार, सुटे भाग असा बाहेर द्यावा लागणारा खर्च त्या भावाच्या एक-तृतीयांशाच्या वर जात असेल तर सोडून द्यायचं. स्वतःचे तास यात धरू नका, पण हे काम करताना तुम्हाला कंटाळा येतो की मजा वाटते ते प्रामाणिकपणे ठरवा. आणि एखादी वस्तू केवळ आजोबांची म्हणून हवी असेल तर ती हिशोबाबाहेर काढा, तेल लावून कपाटात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. गंज किती आहे याला फारसा अर्थ नाही, तो कुठे आहे त्याला आहे. पश्चिमेकडे जांबोटी-कणकुंबीच्या पावसात माळ्यावरच्या लोखंडावर तांबूस पापुद्रा चढतोच. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा वरवरचा. खरा घात करतात ते बारीक खड्डे. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेष. एक पृष्ठभाग म्हणजे पात्याचा उतार, धारेकडची तिरपी घासलेली बाजू. तो प्रत्येक वेळी घासताना नवा होतो, त्यामुळे तिथले खड्डे आपोआप जातात. दुसरा म्हणजे पात्याची सपाट पाठ. तिथे धारेजवळ खड्डे असतील तर धारेत तेवढे दाते राहतात आणि लाकडावर रेघा उठतात. खड्ड्यांच्या पार जाईपर्यंत अख्खी पाठ घासावी लागते आणि घरी हाताने ते काम होत नाही म्हणा.

म्हणून पहिली दहा मिनिटं अशी घालवा. पातं सुटं करा, धारेकडच्या शेवटच्या २० मि.मी. पाठीवर रॉकेल टाका, पितळी ब्रशने किंवा तारेच्या काथ्याने घासा, पुसा. मग उजेडात तिरकं धरून बघा आणि सुईचं टोक पाठीवरून धारेकडे ओढा. सुई अडली नाही तर पातं चांगलं. धारेपासून २-३ मि.मी.च्या आतच खड्डे असतील तर तेवढं पोलाद घासून मागे जाता येतं. सगळीकडे खोल खड्डे असतील तर त्या पात्याचा नाद सोडा. नवं पातं वेगळं मिळतं, रंधा टाकायचं कारण नाही.

पुष्कळ जुन्या पात्यांत आणि पटाश्यांत अख्खं पोलाद नसतं. मऊ लोखंडावर धारेच्या बाजूने कडक पोलादाची पट्टी जोडलेली असते. उतार स्वच्छ घासला की दोन रंगांच्या छटा आणि मधली रेष दिसते. वापरून वापरून ती पट्टी संपत आली असेल तर पुढे नुसतं मऊ लोखंड उरतं आणि धार दोन फळ्याही टिकत नाही.

पटाश्यांपासून सुरुवात करा. कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. ८ मि.मी. जाडीच्या काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. १२० नंबरपासून सुरू करून २२०, ४००, ८००, १२०० असं चढत जा. पाठीचा फक्त धारेकडचा १५ ते २० मि.मी. भाग एकसारखा होईपर्यंत घासायचा, पूर्ण पाठ नाही. १२०च्या रेघा पूर्ण जाईपर्यंत २२० सोडू नका. लोक इथेच घाई करतात आणि मग १२००वर तासभर घासूनही धार येत नाही. पाठ झाली की उतार. कोनमापक नसेल तर उताराची लांबी मोजा. पातं जितकं जाड, त्याच्या जवळपास २.४ पट उताराची लांबी असेल तर कोन २५ अंश, दुप्पट असेल तर ३० अंश. म्हणजे ३ मि.मी. जाडीच्या पटाशीला ७ मि.मी. उतार म्हणजे २५ अंश. मूळ उतार २५चा ठेवा आणि शेवटचा हात ३० अंशांवर मारा. मोगरीने ठोकून खाचा पाडायच्या पटाशीला ३०च बरा, नाहीतर सागवानाच्या गाठीत टवके उडतात.

कोणी म्हणेल एवढं घासण्यापेक्षा ग्राइंडरला लाव. खोलवर तुटलेली धार काढायला ग्राइंडर लागतो, पण पातं तिथेच मरतं. साध्या बेंच ग्राइंडरची चाकं मिनिटाला २८००च्या आसपास फिरतात. पातळ टोक दोन-तीन सेकंदांत तापतं. पिवळट छटा २२०-२३० अंश सेल्सिअसला येते, तोवर ठीक. निळा रंग ३०० अंशांच्या जवळपास दिसतो आणि साध्या कार्बन पोलादाची कडकी तिथे उतरलेली असते. म्हणून बोट धारेच्या जवळ ठेवा, बोटाला चटका लागला की पाण्यात बुडवा. पेटीत ग्राइंडरचं जुनं चाकही निघालं तर ते वापरू नका. बोटावर लटकवून लाकडाने हलकं टिचकवल्यावर खणखणीत आवाज आला नाही तर आत तडा आहे. खणखणीत वाजलं तरी वर्षानुवर्षं ओल खाल्लेलं चाक नकोच.

आधीच कोणी पातं निळं करून ठेवलं असेल, किंवा धार नुसती दुमडत असेल, तर कानशीने तपासा. बारीक कानस धारेजवळ हळूच ओढा. ती घसरली किंवा कशीबशी चावली तर पोलाद कडक आहे. लोण्यासारखी चावली तर पाणी उतरलेलं आहे, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला आहे. निळा भाग ३-४ मि.मी.च असेल तर थंड ठेवत घासून काढा, मागे चांगलं पोलाद असतं. तेवढ्याने भागलं नाही तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागेल. त्याला दोन गोष्टी सांगा. लोहचुंबक चिकटायचं बंद होईपर्यंतच तापवायचं, पांढरंफटक नको. आणि रंध्याच्या पातळ पात्याला पाण्याऐवजी कोमट तेलात विझवायचं, पाण्यात ते वाकतं नाहीतर तडकतं. नंतर पाठ घासून चकचकीत करून हलकी पिवळट छटा येईपर्यंत परत शेकायचं. हे शेकणं राहिलं तर धार काचेसारखी तुटते. उद्यमबागेत भट्टीवर उष्णतेचं काम करणारी वर्कशॉप्स आहेत, पण एका पात्यासाठी भट्टी कोणी पेटवत नाही. त्यांच्या खेपेत घालून मिळालं तर बघा.

लोखंडी रंध्यात पातं हा सोपा भाग. आधी अंग तपासा. हे बिडाचं असतं आणि बीड वाकत नाही, तडकतं. तोंडाच्या (पातं बाहेर येतं ती फट) दोन्ही कडा आणि गालांच्या (बाजूच्या उभ्या भिंती) मुळाशी रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटून रेष दाखवतं. गालाचा तडा तोंडापर्यंत गेला असेल तर रंधा सुट्या भागांसाठी ठेवा. बिडाचं वेल्डिंग बेळगावात करून मिळतं, पण तापल्याने तळ पिळवटतो आणि मग ग्राइंडिंगचा खर्च वेगळा.

दुसरं म्हणजे स्क्रू. विलायती धाटणीच्या या रंध्यांचे मुठीचे आणि पात्याखालच्या बैठकीचे स्क्रू इंचाला २० आट्यांचे, वेगळ्याच मापाचे असतात. हार्डवेअर दुकानातला ६ मि.मी.चा स्क्रू ‘जवळपास बसतो’ म्हणून आत पिळला की बिडातले आटे कायमचे गेले. स्क्रू हरवला असेल तर नमुना देऊन लेथवर करून घ्या. एखादा चालेल. चार-पाच नसतील तर तो रंधा सोडा. अडकलेल्या स्क्रूला जोर लावू नका. रॉकेल-डिझेल टाकून रात्रभर ठेवा, पेचकस खाचेत घट्ट बसवून वर हातोडीने दोन-तीन टिचक्या द्या, आधी किंचित घट्ट करा आणि मग सैल करा. पेचकसचं टोक खाचेइतकं रुंद नसेल तर दुसरा आणा.

तळ सपाट आहे का हे बघायला चांगली स्टीलपट्टी आणि ०.१ मि.मी.ची फिलर पत्ती पुरते, गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला असते ती. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक या तीन जागा एका पातळीत असल्या की काम चालतं. मधे कुठे थोडी पोकळी राहिली तरी बिघडत नाही. तोंडाच्या पुढेच ०.१ची पत्ती सहज शिरत असेल तर लाकडाची पातळ सालपटं निघणार नाहीत. घासायचं तर काचेवर ८० नंबरने. तेव्हा पातं आत ओढून घ्या, पण पात्याला दाबून धरणारी वरची पकड कामाच्या वेळी असते तितकीच घट्ट ठेवा. पकडीच्या ताणाने तळ सूक्ष्म वाकतो, पातं काढून घासलं तर बसवल्यावर पुन्हा वाकडा होतो. ९ इंची रंधा हाताने होतो. १४ इंचीचा तळ जास्त गेलेला असेल तर दंड दुखवण्यापेक्षा सरफेस ग्राइंडरवाल्याकडे द्या, पण चुंबकी टेबलावर तो ओढून सपाट धरला की सुटल्यावर पुन्हा वाकतो, म्हणून खाली पत्रे सारून आधार द्यायला सांगा. शेवटी पात्यावर बसणारी दुसरी पत्ती बघा. तिची कड पात्याला उजेड न दिसता चिकटली पाहिजे, नाहीतर भुसा अडकून रंधा तुंबतो आणि लोक दोष धारेला देतात. साध्या कामाला ती धारेपासून १ मि.मी. मागे ठेवा.

लाकडी रंध्याला कीड लागली आहे का ते बघा. भोकातून पीठ पडत असेल तर पेटीतल्या बाकी लाकडापासून आधी वेगळा करा. तळ झिजून पोकळ झाला असेल तर दुसऱ्या रंध्याने सरळ करता येतो, पण दर वेळी तोंड रुंद होतं. तोंड फारच रुंद झालं तर पुढे शिसमचा तुकडा बसवतात. पहिल्याच खेपेला हे करू नका.

गंज काढायच्या पद्धतींपैकी घरात दोनच वापरा. किरकोळ भागांना लिंबूसत्त्व: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या डब्यात. दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रश मारा, गरज असेल तर परत घाला, पण करवत किंवा स्प्रिंग रात्रभर विसरू नका, कडक पातळ पोलाद ठिसूळ होऊ शकतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, गरम पाण्याने धुवा, लगेच पुसून उन्हात किंवा हेअर ड्रायरने तापवा आणि तेल लावा. ‘लगेच’ म्हणजे दोन मिनिटांत. पावसाळ्यात चहा पिऊन येईपर्यंत पिवळा गंज परत चढलेला असतो.

रंध्याचं अंग, व्हाइस अशा मोठ्या वस्तूंना वीज. प्लास्टिकच्या बादलीत दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार हत्याराला, धन तार भंगार लोखंडी पट्टीला. उलट जोडलं तर हत्यारच विरघळेल. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही नको, क्लोरिन सुटतो. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. हात घालण्याआधी चार्जर बंद. नवे ‘स्मार्ट’ चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालू होत नाहीत, जुना शोधा. जी बाजू पट्टीकडे असते तिचाच गंज आधी सुटतो, म्हणून मधे वस्तू फिरवा. पितळ, ॲल्युमिनियम, लाकडी मुठी आधी काढून घ्या. संडास धुवायचं ॲसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. गंज जातो खरा, पण त्याच्या वाफेने त्या खोलीतलं बाकी सगळं लोखंड गंजतं. जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा.

तीन करवतींपैकी बहुधा एकच ठेवावी लागेल. मुठीकडून टोकाकडे नजर लावा. हलका बाक काढता येतो, पण मधेच मोडलेली घडी असेल तर ती कापताना अडणारच. दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ते दात कारखान्यात विजेने (इंडक्शनने) तापवून कडक केलेले आहेत, कानस लागत नाही. बाकी करवतीला आधी दातांच्या माथ्यावरून सपाट कानस फिरवा, प्रत्येक टोकावर चमकता ठिपका आला पाहिजे. एखाद-दोन दात बुटके राहिले तर चालतं, सलग पाच-सहा गेले असतील तर नवे पाडणं तुमच्या कामाचं नाही. मग तिनधारी कानस. इंचाला ८ ते १० दात असतील तर ६ इंची सडपातळ. दात बाहेर वळवताना फक्त वरचा अर्धा भाग वळवा, मुळातून वळवला की तुटतो. आणि प्लायसाठी दुकानातली साधी नवी करवत घ्या, ती बोथट झाली की टाकून द्यायची.

व्हाइस ठेवा, अंग धड असेल तर. दोन्ही जबडे आणि सरकणाऱ्या दांड्याचं मूळ यांना तीच रॉकेल-खडूची तपासणी. तडा असेल तर ती थेट भंगारात, दाबाखाली वेल्डशेजारी पुन्हा फुटते. मग हँडल पुढे-मागे फिरवा. जबडा हलायच्या आधी पाव फेरा मोकळा जात असेल तर ठीक, अर्ध्याच्या वर गेला तर आतला नट झिजला. नट, पिन, जबड्याच्या पट्ट्या उद्यमबागेत कोणताही लेथवाला करून देईल. बाकी रॉकेलने धुऊन स्क्रूला ग्रीस, एवढंच.

कुऱ्हाड आणि हातोड्यांना दांडे घाला, लोखंडाला सहसा काही झालेलं नसतं. हातोडीच्या कडांना फूल आलं असेल (ठोकून ठोकून कडा बाहेर पसरल्या असतील) तर घासून टाका, ठोकताना त्याचे कपचे डोळ्यात जातात. कुऱ्हाडीची धार मऊ लागली तर लोहार वर पोलाद चढवून देतो, आणि तो खर्च नव्या कुऱ्हाडीपेक्षा कमी असेल तरच करा. दांड्याला सागवान नको, धक्क्याने चिरतं. बाभूळ किंवा मिळालं तर धामण, तेही पूर्ण वाळलेलं. जुलैतल्या ओल्या लाकडाचा दांडा मार्चला डोक्याच्या भोकात खुळखुळतो. हे काम फेब्रुवारी ते मे यातच उरका. दांडा वर धरून डोकं खाली लोंबकळू द्या आणि दांड्याच्या बुडावर ठोका, डोकं आपोआप वर चढत घट्ट होतं. ३-४ मि.मी. लाकूड बाहेर ठेवून वाळल्या लाकडाची पाचर मारा. सैल दांडा पाण्यात भिजवायची सवय वाईट. फुगून दोन दिवस घट्ट राहतो, पण आतले तंतू चेपले जातात आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतो.

तेल लोखंडाला शिलाई मशीनचं, लाकडी मुठीला जवसाचं. शेंगदाण्याचं लोखंडाला लावू नका, चिकट साय धरते आणि त्यात धूळ बसते. खानापुरात ठेवणार असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत वर्षातून दोनदा पुरे.

भंगारवाल्याला द्यायच्या ढिगात हात घालून शेवटचं एकदा बघा. मोडलेल्या करवतीचं पातं हे चांगलं कार्बन पोलाद असतं. १२० × ६० मि.मी.चे तुकडे पाण्याच्या धारेखाली, तापू न देता कापा आणि कडा चौकोनी घासा, गाठीच्या सागवानावर शेवटचा हात मारायला खरवडणी तयार होते. सोडलेल्या रंध्याचे स्क्रू, मुठी आणि वरची पकड काढून डब्यात ठेवा, दुसऱ्या रंध्याला कधीतरी लागतील. जुन्या कानशीची मात्र पटाशी करून ठोकायला घेऊ नका, ती इतकी कडक असते की मोडली तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ती खुशाल वजनावर जाऊ द्या.